पुण्यातल्या ब्रोकर ऑफिसांच्या मालकांना खुलं पत्र: नवीन पोरांना 'माहीत नाही' म्हणू द्या

पुण्यात चॅनल पार्टनर फर्म (बिल्डरचे फ्लॅट कमिशनवर विकणाऱ्या) चालवणाऱ्या सगळ्या सर-मॅडमना, रिसेलची (जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीची) ऑफिसं चालवणाऱ्या काका लोकांना आणि टीम लीडर दादा-ताईंना,

नमस्कार.

मी बार्शीची. बी.कॉम. झालं, गावात करण्यासारखं काही नव्हतं, मैत्रिणीच्या ओळखीने जून २०२३ ला पुण्यात आले आणि आठवड्याच्या आत एका चॅनल पार्टनर ऑफिसात कामाला लागले, तेव्हा मी बावीसची होते. मुलाखत दहा मिनिटांची झाली. टू व्हीलर आहे का, हिंदी जमतं का, रविवारी यावं लागेल चालेल का. सातबारा वाचता येतो का हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं, आमची घरची शेती असूनसुद्धा, कारण सातबारा आजोबांच्या पेटीत असायचा आणि पेटी उघडायचं काम घरातल्या पुरुषांचं.

हे पत्र कोणा एका ऑफिसवर राग काढायला लिहीत नाहीये. त्या ऑफिसचं नाव मी इथे घेणार नाही आणि कमेंटमध्ये विचारलंत तरी सांगणार नाही, कारण गेल्या दोन-अडीच वर्षांत वाकड, पुनावळे, खराडी, उंड्री सगळीकडची माझ्या वयाची पोरं-पोरी साइटवर भेटली, आणि प्रत्येकाची सुरुवात थोड्याफार फरकाने माझ्यासारखीच झालेली आहे. म्हणून तुम्हा सगळ्यांना एकत्रच लिहिते.

पहिल्या दिवशी मला दोन पानांची स्क्रिप्ट आणि एक एक्सेल शीट मिळाली. शीटमध्ये नावं आणि मोबाइल नंबर, रोज दीडशे कॉल करायचे. नंबर कुठून आले हे विचारायचं नाही. कॉल माझ्याच सिमवरून. तिसऱ्या आठवड्यात माझं आउटगोइंग बंद पडलं, कारण लोकांनी तक्रारी केल्या होत्या. जाहिरातीचे कॉल नोंदणी केलेल्या नंबरवरूनच करायचे असा ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे, साध्या दहा आकडी नंबरवरून केले आणि तक्रारी झाल्या तर तो नंबर बंद होऊ शकतो, हे मला नंबर बंद झाल्यावर कळलं. तो माझा कॉलेजपासूनचा नंबर होता, बँकेला, आधारला, सगळीकडे जोडलेला. ऑफिसने सांगितलं दुसरं सिम घे, सगळे घेतात.

मी घेतलं.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण तीच सांगायला हे पत्र लिहायला बसले.

ऑक्टोबर २०२३, दसऱ्याच्या आधीचा रविवार. नगर रोडच्या बाजूचा एक प्रोजेक्ट, बिल्डिंग जवळपास उभी, ओसी (राहायला परवानगीचा दाखला) यायची होती. माझ्या एका कॉलवर एक कुटुंब साइटवर आलं. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आई, मुलगा कंपनीत, सून एका हॉस्पिटलमध्ये नर्स. चौघं एका वॅगनारमधून आले होते आणि काकूंनी डब्यात शंकरपाळे आणले होते, साइट बघायला लोक शंकरपाळे आणतात हे मी पहिल्यांदा बघितलं, मलाही दिले. सॅम्पल फ्लॅट बघून झाला. मुलगा आणि सून किचनच्या ओट्याचं बोलत होते. काका एकटे बाल्कनीत उभे होते आणि त्यांनी मला हाताने जवळ बोलावून विचारलं, "बाळ, इथं पाणी कुठलं येतं गं?"

मला माहीत नव्हतं. खरंच काही माहीत नव्हतं. स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती, २४ तास पाणी, पॉवर बॅकअप, क्लब हाउस. मी म्हणाले, काका २४ तास पाणी आहे. त्यांनी परत विचारलं, पालिकेचं का? मी म्हणाले, हो हो, पालिकेतच येतो ना हा एरिया.

एरिया पालिकेत येत होता हे खरंच. ११ गावं २०१७ ला आणि २३ गावं २०२१ ला पुणे महापालिकेत आली, त्यात तो भागही आला. पण गाव पालिकेत येणं वेगळं आणि पालिकेची लाइन येऊन तुमच्या टाकीत पाणी पडणं वेगळं, आणि अशा भागात परवानगी देताना पालिकेचं पाणी पोचेपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलेलं असतं, ती सोय म्हणजे बहुतेक वेळा बोअर आणि टँकर. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. धंद्यात वर्षभर राहिलेल्या कोणालाही माहीत असतं. मला चार महिने झाले होते आणि मला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि माझे टीम लीडर चार पावलांवर उभे होते, त्यांनी माझं उत्तर ऐकलं आणि अंगठा दाखवला.

त्याच दिवशी त्या कुटुंबाला मी खर्चाचंही अर्धंच सांगितलं. माझ्या हातातल्या शीटवर ४८ लाख लिहिलेलं होतं, मी ४८ सांगितलं. काका म्हणाले आमच्याकडे १० लाख आहेत, बाकी पोराचं लोन. मला वाटलं झालं की, जमतंय. मग क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पक्का करणाऱ्या सरांनी टोकनचा (बुकिंगचा) चेक घेतला आणि पूर्ण कॉस्ट शीट, म्हणजे सगळ्या खर्चाचा हिशोब, पुढच्या आठवड्यात मेलवर गेली. आता मला हा हिशोब झोपेतून उठवून विचारलात तरी येतो, तेव्हा येत नव्हता. ४८ लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ३ लाख ३६ हजार. नोंदणी फी ३० हजार. ओसी आलेली नाही म्हणून जीएसटी, ४५ लाखांच्या वर किंमत गेली की १ टक्का नाही तर ५ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. हे झाले ६ लाख ६ हजार. आणि ३० लाखांच्या वरच्या लोनला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाते, म्हणजे ३८ लाख ४० हजार, तर घरचे ९ लाख ६० हजार आणि वरचे ६ लाख ६ हजार मिळून १५ लाख ६६ हजार हातात पाहिजेत. त्यांच्याकडे १० होते.

बाकीचे कुठून आले ते मला अ‍ॅग्रीमेंटच्या दिवशी कळलं. सब रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर बाकावर काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात काचेच्याच बांगड्या होत्या, साइटवर आल्या तेव्हा पाटल्या होत्या, माझ्या डोळ्यापुढे डबा धरलेला तो हात होता म्हणून मला लगेच कळलं. मी काही विचारलं नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, घर झालं की परत होतील.

आणि अजून एक. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे महाराष्ट्रात. ४८ लाखांवर ४८ हजार. सून नोकरी करते, तिचा पगार आहे, तिच्या एकटीच्या नावावर घेता येईल का, बँक तयार होईल का, निदान विचारायला तरी जागा होती. कोणी विचारलं नाही. मला ती सूट आहे हेच माहीत नव्हतं.

डिसेंबर २०२४ ला त्यांना ताबा मिळाला. एप्रिल २०२५ ला काकांचा फोन आला, माझा नंबर त्यांनी जपून ठेवला होता. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाळ, टँकर येतात गं रोज. मेंटेनन्समध्ये टँकरचे वेगळे घेतात. तू पालिकेचं म्हणाली होतीस ना?" मी सॉरी म्हणाले. ते म्हणाले तुझं काय चुकलं, तुला जसं सांगितलं तसं तू सांगितलंस. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गाडीवर तशीच बसून होते.

तर सर, मॅडम, माझं मागणं एवढंच आहे की नवीन पोरांना कस्टमरसमोर 'मला माहीत नाही, विचारून सांगते' हे वाक्य म्हणायची परवानगी द्या. नुसती तोंडी परवानगी नको, ते वाक्य म्हटलं तर तुम्ही रागावणार नाही याची खात्री पाहिजे. कारण आत्ता काय होतं, आम्ही अडखळलो की साइटवरून परत येताना गाडीत ऐकावं लागतं की कॉन्फिडन्स नाही, कस्टमर थंड पडतो, उत्तर कधीही थांबवायचं नाही, काहीही सांग पण कॉन्फिडन्सने सांग. बावीस वर्षांच्या पोरीला, जिला मुद्रांक शुल्क किती हे माहीत नाही, तिला कॉन्फिडन्स शिकवला तर ती दुसरं काय करणार? ती खोटं बोलते आणि तिला स्वतःला कळतही नाही की आपण खोटं बोललो.

वय दिसतंच हो आमचं. कस्टमर आधी मागे बघतात, सीनियर कोणी आहे का. एका मॅडमनी मला सरळ विचारलं होतं, तू स्वतः लोन घेतलंयस का कधी? मी कर्वेनगरमध्ये चार मुलींच्या खोलीत कॉट बेसिसवर राहते, लोन कुठून घेणार. पण मला तो प्रश्न बरोबर वाटला. माणूस वीस वर्षांचं कर्ज काढायला निघालेला असतो, समोरचीला त्यातलं किती कळतं हे तो बघणारच. वय काही आम्हाला लपवता येत नाही. निदान आमच्याकडे कागदाची माहिती तरी असू द्या म्हणजे दोन प्रश्नांनंतर तो वय विसरेल.

हे मी हवेत बोलत नाहीये, कारण दुसऱ्या ऑफिसात मला हेच मिळालं. पहिलं ऑफिस मी एप्रिल २०२४ मध्ये सोडलं. गुढीपाडव्याला एका नवीन प्रोजेक्टचे ईओआय चेक (घर घ्यायची इच्छा आहे म्हणून बुकिंगच्या आधी देतात ते) गोळा करायला सांगितले होते. त्याच्या थोडं आधी मी महारेराचं, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, २० तासांचं ट्रेनिंग केलं होतं, स्वतःच्या पैशाने, आणि परीक्षा पास झाले होते, म्हणून पहिल्यांदाच मी विचारलं की प्रोजेक्टचा रेरा नंबर, म्हणजे तिथला नोंदणी नंबर, काय? उत्तर आलं, येईल दोन आठवड्यांत, तू चेक घे. रेरा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे नोंदणी नसलेल्या प्रोजेक्टची जाहिरातसुद्धा करता येत नाही आणि कलम १० प्रमाणे एजंटला अशा प्रोजेक्टचं काम करायला मनाई आहे, दंड दिवसाला १० हजार आणि वाढत वाढत किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. ट्रेनिंगमध्ये हे सगळं नुकतंच वाचलेलं. मी चेक घेतले नाहीत. चार दिवसांत मला समजलं की मी आता तिथे चालणार नाही.

त्या सर्टिफिकेटबद्दल तुम्हा सगळ्यांशी थोडं स्पष्ट बोलते. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये ऑर्डर काढली, पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली, १ जानेवारी २०२४ पासून सर्टिफिकेट सक्तीचं झालं. फर्मच्या मालकालाच नाही, कस्टमरशी थेट बोलणाऱ्या स्टाफलासुद्धा ते लागतं. तरी कितीतरी ऑफिसांत मालकाचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये भिंतीवर आहे आणि साइटवर जाणाऱ्या बारा पोरांपैकी एकाकडेही नाही. का नाही विचारलं तर उत्तर असतं, आधी टिकू तर दे. मला हे उलटं वाटतं. जो पोरगा टिकेल की नाही माहीत नाही तोच तर या काळात सगळ्यात जास्त कस्टमरशी बोलत असतो, तीन महिन्यांत शंभर कुटुंबं त्याच्या तोंडून ऐकून जातात. ट्रेनिंग २० तासांचं आहे. आठवडाभर कॉल थोडे कमी झाले तर चालतील.

तरी सर्टिफिकेटने सगळं येत नाही हेही मान्य करते. परीक्षा पास झाले तेव्हा मला कलमं पाठ होती आणि सातबारा तरीही वाचता येत नव्हता. तो मला सध्याच्या ऑफिसातल्या काकांनी शिकवला. सिंहगड रोडच्या बाजूला एका गाळ्यात दोन टेबलांचं रिसेलचं ऑफिस आहे, काका पासष्टच्या पुढचे, डोळ्यावर जाड चष्मा. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही कॉल करू दिला नाही. एका जमिनीचा सातबारा समोर ठेवला, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, वाच मोठ्याने. मी नावं वाचली. ते म्हणाले नावं पोस्टमनपण वाचतो, आधी वर बघ, भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २. वर्ग २ असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही, तिथेच थांबायचं. मग ज्या नावाला कंस पडलाय ते नाव कमी झालंय. मग इतर हक्क, तिथे बँकेचा बोजा, सोसायटीचा बोजा, कुळ, कोणाचा विहिरीतला हिस्सा. मग फेरफार नंबर. काकांनी एकेका नंबरावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, हा प्रत्येक आकडा म्हणजे त्या घरातली एक घडामोड आहे, कोणी वारलं, वारस लागले, वाटणी झाली, कोणी विकलं, कोणाचं लग्न झालं म्हणून हक्कसोड केली, फेरफार काढून वाचल्याशिवाय आपण कस्टमरला ही जमीन चांगली आहे असं म्हणायचं नाही.

एक कागद वाचायला त्या दिवशी आम्हाला दुपार गेली. मध्ये दोनदा चहा झाला. त्या रविवारी मी बार्शीला गेले आणि आजोबांना म्हणाले पेटी उघडा. आमच्या सातबाऱ्यात इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा अजून तसाच दिसत होता, कर्ज फिटून कितीतरी वर्षं झाली होती, बोजा कमी करायचा अर्जच कोणी दिला नव्हता. आजोबा माझ्याकडे बघत राहिले. आता तो अर्ज दिलाय.

मग काकांनी इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा) शिकवलं. कस्टमर घेऊन जायच्या आधी त्याच बिल्डिंगमधले आधीचे दोन-तीन व्यवहार काढून बघायचे, कितीला गेले, किती क्षेत्र, शुल्क किती भरलं, म्हणजे मालक ९० मागतोय तर ते कुठे बसतं हे आपल्याला सांगता येतं. मग क्षेत्रफळ. कागदावर ६० चौरस मीटर लिहिलेलं असतं आणि तोंडी सातशे सांगतात, १०.७६४ ने गुणलं तर ६४६ फूट होतात, बाकीचे चोपन्न कुठून आले तर बाल्कनी त्यात घातलेली असते, आणि रेराच्या कारपेटच्या (आतल्या वापरायच्या क्षेत्राच्या) व्याख्येत बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. हे गुणायला मोबाइलवर दहा सेकंद लागतात. पहिल्या ऑफिसातल्या दहा महिन्यांत एकानेही मला ते दहा सेकंद दिले नव्हते.

काकांचा एक नियम आहे, कस्टमरने विचारलेला प्रश्न वहीत लिहायचा, उत्तर येत असेल तरी. संध्याकाळी वही बघायची. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रिटायर्ड बँक ऑफिसरना मी कोथरूडमधला एक जुना फ्लॅट दाखवत होते, त्यांनी विचारलं सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर करत नसेल तर सरकारकडून करून घ्यायचा) अर्ज केलाय का. मी म्हणाले, सर मला माहीत नाही, सेक्रेटरींना विचारून आज सातच्या आत तुम्हाला फोन करते. वहीत लिहिलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं पण काही बोलले नाहीत. मी पावणेसातला फोन केला, कन्व्हेयन्स झालेलं नाही आणि सोसायटीत त्यावरून दोन गट आहेत. त्यांनी तो फ्लॅट घेतला नाही. दोन महिन्यांनी त्यांचा भाचा आमच्या ऑफिसात आला, मामांनी सांगितलं म्हणाला, आणि त्याचा व्यवहार आम्ही केला.

पैशाचंही बोलते, कारण ते लपवून उपयोग नाही. पहिल्या ऑफिसात मला तीन महिने आठ हजार होते, मग पगार बंद आणि फक्त इन्सेन्टिव्ह. पेट्रोल माझं. कर्वेनगर ते वाघोली ते हिंजवडी ते परत, एका दिवसात तीन साइट, कस्टमर आला नाही तरी पेट्रोल जळतंच. शंकरपाळेवाल्या काकांचं बुकिंग ऑक्टोबरचं. १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही, अ‍ॅग्रीमेंट झालं की फर्म बिल टाकते, ते बिल पास होऊन पैसे येईपर्यंत दोन-तीन महिने. माझा हिस्सा फेब्रुवारीत आला, ठरल्याच्या निम्मा. का निम्मा, तर लीड, म्हणजे त्या कस्टमरचा नंबर, कंपनीच्या डेटामधली होती. लेखी काहीच नव्हतं त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. ज्या पोरीला ऑक्टोबर ते फेब्रुवारी खोलीचं भाडं कसं भरायचं हा प्रश्न आहे तिला तुम्ही टोकनचा चेक आणायला पाठवता, आणि मग ती कस्टमरला 'थांबा काका, घरी जाऊन आधी हिशोब करा' असं म्हणेल अशी अपेक्षा कोणी करू नये. पहिले सहा महिने तरी ठरलेला पगार द्या, थोडा असू दे, पेट्रोल द्या, आणि इन्सेन्टिव्ह किती, कधी, कोणत्या लीडवर, हे एका कागदावर सही करून द्या. कस्टमरला अ‍ॅग्रीमेंट करा असं आपण रोज सांगतो.

मुलींच्या बाबतीत एक वेगळं सांगायचंय आणि ते मुलगे सांगणार नाहीत म्हणून मीच सांगते. संध्याकाळी सातनंतर रिकाम्या बिल्डिंगमध्ये, जिथे लिफ्ट चालू नाही, नवव्या मजल्यावर, फोनवरून ओळख झालेल्या एकट्या माणसाला फ्लॅट दाखवायला एकटीला पाठवू नका. माझ्या बाबतीत एकदा एक माणूस दार लावून घेऊन किंमत विचारत होता. काही झालं नाही, मी गॅलरीत जाऊन मोठ्याने फोनवर बोलायला लागले आणि त्याने दार उघडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं तर म्हणाले सावध राहायचं असतं. सावध राहणं आमचं काम आहेच, जोडीने पाठवणं आणि आधी कस्टमरचं नाव, नंबर, वेळ ऑफिसात नोंदवून घेणं हे तुमचं काम आहे. आमचे काका सातनंतर व्हिजिट ठेवतच नाहीत, ठेवली तर स्वतः खाली उभे राहतात.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. शिकवलं की पोरं सोडून जातात, कस्टमरचे नंबर घेऊन जातात, सहा महिन्यांनी समोरच्या गाळ्यात आपलाच माणूस बोर्ड लावून बसतो. होतं असं, मी बघितलंय, आणि एका सरांचं तर त्यात खरंच फार नुकसान झालं. पण माझ्यापुरतं सांगते. ज्यांनी काही शिकवलं नाही त्यांना मी दहा महिन्यांत सोडलं. ज्यांनी पेन्सिल हातात दिली त्यांच्याकडे दोन वर्षं होत आली, मध्ये एका मोठ्या फर्मने जवळपास दीडपट पगार सांगितला होता, गेले नाही. माझ्या ओळखीत असे अजून तीन-चार जण आहेत. पोरं कुठे थांबतात ते एकदा तुमच्याच ऑफिसातल्या जुन्या माणसांकडे बघून आठवा, तुम्ही स्वतः कोणाकडे थांबला होता तेही आठवा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना कोणीतरी असंच टेबलावर बसवून शिकवलं असणार, कारण तुमच्या वेळी गुगल नव्हतं आणि रेराही नव्हता, तरी तुम्हाला सर्च रिपोर्ट (मालकीचा जुना इतिहास तपासलेला अहवाल) वाचता येतो.

आठवड्यातून एक दुपार. एक कागद. एवढं जरी सुरू केलंत तरी तीन महिन्यांत बारा कागद होतात, त्यात सातबारा, आठ अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), फेरफार, प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स टू, सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला), ओसी, कॉस्ट शीट, आणि महारेराच्या साइटवरचं प्रोजेक्टचं पान, ज्यात मंजूर नकाशा, पूर्ण व्हायची तारीख, कोर्टातल्या केसेस, बोजा सगळं असतं आणि जाहिरातीतला क्यूआर कोड स्कॅन केला की थेट उघडतं. स्वतःला वेळ नसेल तर ऑफिसातल्या वकिलांना सांगा. आणि पोरगा साइटवर 'माहीत नाही' म्हणाला तर परत येताना गाडीत त्याला रागावू नका, उत्तर सांगा.

आमच्याकडे मागच्या महिन्यात एक मुलगी आलीय, अहमदपूरची, एकवीस वर्षांची. तिचा पहिला सातबारा मी घेतला. काका खुर्चीत बसून ऐकत होते आणि मी वर्ग २ सांगायला विसरले तेव्हा फक्त खाकरले.

येत्या मंगळवारी आमचं एक रिसेलचं रजिस्ट्रेशन आहे, हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, सकाळी अकराचा टोकन. ती मुलगी येणार आहे. घेणाऱ्या आणि देणाऱ्या दोघांनाही विचारून ठेवलंय, नवीन पोरं शेजारी उभं राहून बघणार असतील तर त्यांची हरकत नाही. तुमच्या ऑफिसात जो सगळ्यात नवीन आहे, ज्याला अजून काहीच येत नाही, त्याला पाठवा. कोणतं ऑफिस ते या पत्राच्या खाली मेसेज केलात तर सांगते. साडेदहाला गेटजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही असू, कागदांच्या झेरॉक्स मी जास्तीच्या काढून आणते.

तुमची,
बार्शीची एक मुलगी, धंद्यात तिसरं वर्ष